डोळा
आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्षभर मनी प्लांटचं एक पान पाण्यात उभं आहे. हिरवंगार, पण शेजारी दुसरं पान म्हणून फुटलं नाही. त्या पानापायी मी उरुळी कांचन गाठलं. सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या एका रोपवाटिकेत, हिरव्या जाळीखाली, एक मावशी पोत्यावर बसून वेल कापत होत्या. त्यांना फोटो दाखवला.

"ताई, याला डोळा कुठाय? आंधळं पान हाय हे. उसाचं बेणं डोळा बघूनच तोडत्यात ना?"

एका तुकड्याला एक डोळा, एक पान. मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये खोचायचं नि ओल राखायची. काम एवढंच. "दहातली आठ लागत्यात," मावशी म्हणाल्या. उरलेली दोन शोधायला त्या ट्रे उचलून नाकाशी नेतात. मीही वास घेऊन पाहिला. मला नुसती ओली माती. त्यांनी मात्र एक तुकडा अचूक उपटला. बूड काळं, बुळबुळीत, कुजक्या बटाट्याच्या वासाचं.

मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरिया बेटाचा. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला नीट बनवता येत नाही, त्यामुळे फूल जवळजवळ कधीच नाही, बीही नाही. म्हणजे घरोघरच्या बाटल्यांतले वेल अशाच कुणाच्या तरी कात्रीतून आलेले. कूळ अळवाचं, त्यामुळे चीक खाजतो. अळवाला आपण चिंच घालतो. हाताला काय लावता, विचारलं. "खोबरेल. नि सवय."

कोपऱ्यात प्लास्टिकखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मॉन्स्टेरा होता. त्याचा भाव पानावर. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, तो हिरव्याच्या जिवावर जगतो आणि किंमत मात्र त्याचीच! मावशींची मजुरी मी विचारली नाही. विचारायला हवी होती.

निघताना त्यांनी डोळा असलेला एक तुकडा पोत्याच्या कडेला ठेवला. मी पैसे काढले.

"मनी प्लांट चोरूनच न्यायचा असतो. मी तिकडं बघते."

आता बाटलीत दोघं आहेत. आंधळं पान टाकवलं नाही. रोज सकाळी चहाआधी बाटलीला नाक लावते. दहातली आठ. आज नववा दिवस, आणि अजून तरी वास पाण्याचाच आहे.