अडखळणारी गाडी आणि कारणाचा शोध
मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक पाहिला: कारण असेल तर कार्य असतं, नसेल तर नसतं. आज तो जुन्या प्रीमियर पद्मिनीला लावून पाहू.

अॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते, मग उचलते. आपण लगेच म्हणतो, ‘पेट्रोलमध्ये कचरा!’ थांबा. इंजिन बंद करून गार होऊ द्या, एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरमध्ये बघत थ्रॉटल हाताने उघडा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल असूनही उडत नसेल, तर दोष अॅक्सिलरेटर पंपाचा किंवा त्याच्या जेटचा.

पण सपाटीवर ठीक आणि चढावर थोड्या वेळाने दम सोडते, तर? चेंबरमधला साठा संपतोय, मागून पुरवठा कमी पडतोय. मग फिल्टर, फ्युएल पंपाचा पडदा, टाकीकडची नळी बघायची.

उन्हात बंद पडलेली गाडी पंपावर ओलं फडकं ठेवून सुरू झाली, की ‘वाफ अडली होती’ म्हणून आपण मोकळे! अहो, तेवढ्या वेळात तापलेली इग्निशन कॉइलही गार होते. फडक्याशिवाय तेवढंच थांबून गाडी सुरू झाली, तर फडक्याने काहीच सिद्ध केलं नाही. म्हणून बंद पडल्याक्षणी ठिणगी तपासायची. नाहीतर पंप नवा बसतो, आणि गाडी पुन्हा त्याच घाटात, ट्रकच्या पुढे उभी राहते.