‘अल्लाहु अकबर’ : बांगेत बादशहा कुठून आला?

मागे लोणावळ्यात आमचं व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ भेटायला आले. मावळातलेच शेतकरी, वारी करणारे. म्हणाले, “सर, बांगेत रोज अकबर बादशहाचं नाव कशाला घेतात? तो जाऊन तर चारशे वर्षं झाली.” आजूबाजूचे हसले. आम्ही हसलो नाही, कारण हा समज आम्ही चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे.

आधी व्याकरण बघू. अरबीत क-ब-र हा धातू मोठेपणाचा. ‘कबीर’ म्हणजे मोठा; संत कबीरांचं नाव तेच. ‘अकबर’ म्हणजे अधिक मोठा. तेव्हा ‘अल्लाहु अकबर’ म्हणजे ‘ईश्वर अधिक मोठा आहे’. कशाहून? ते वाक्यात सांगितलेलंच नाही. तुलनेची जागा मोकळी आहे, म्हणून अर्थ होतो : तुम्ही ज्याला मोठं म्हणाल, त्याहून मोठा. बादशहासुद्धा त्यात आलाच! शिवाय बादशहा जन्मला १५४२ साली. बांग सातव्या शतकापासूनची.

आपल्याकडे बांगेत हे शब्द आरंभी चारदा आणि शेवटाकडे दोनदा येतात. नमाजाची सुरुवात त्यांनीच होते. नवजात बाळाच्या कानात बांग देतात, तेव्हा तेच शब्द. आणि जनाज्याच्या नमाजातही तेच, चार वेळा. म्हणजे जन्मापासून कबरीपर्यंतची सोबत.

हे सांगितल्यावर गृहस्थ जरा थांबले आणि हळूच म्हणाले, “पण टीव्हीवर माणसं मारणारेही हेच ओरडतात ना? कानावर पडलं की छातीत धस्स होतं.” हा खरा प्रश्न. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. खुनी ते शब्द वापरतात, हे घडलेलं आहे.

आपल्या शास्त्रकारांचं एक जुनं उदाहरण आहे. ‘सैंधव आण.’ जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. शब्द एकच, अर्थ प्रसंग ठरवतो. ‘हर हर महादेव’ घ्या. देवळात ती भक्ती, रणात मावळ्यांची गर्जना, आणि थंडीत अंगावर पहिला तांब्या घेताना नुसता धीर! कुणी ते म्हणत दंगल केली, तर आपण महादेवाला जाब विचारत नाही. दंगल करणाऱ्याला विचारतो. इथेही तोच न्याय लावला पाहिजे. खरं तर ईश्वर सर्वांत मोठा म्हणायचं आणि स्वतःचा राग त्याच्याही वर बसवायचा, हा त्या वाक्याशीच केलेला विरोध आहे.

आणि हे नाव आपल्याला परकं कुठे होतं? याच इंद्रायणीच्या काठी, देहूच्या तुकोबांच्या गाथेत हिंदुस्थानी बोलीतल्या काही रचना आहेत. त्यांत अल्लाचं नाव येतं.

निघताना ते गृहस्थ म्हणाले, “आमच्या बांधाला लागून शेत असलेला एक मुसलमान शेतकरी गेला. मातीला गेलो, पण कबरस्तानाच्या दारातच थांबलो. आतून तेच शब्द येत होते. पाय उचलेना. आत जायला हवं होतं, सर.”

शब्दाचा अर्थ ठाऊक नसला की काय होतं? माणूस दारातच थांबतो. बाकी काही नाही, पण तेवढं पुरेसं आहे.