अंगणवाडीच्या नोंदवह्या आणि कारकुनीचा मान

परभणी तालुक्यातल्या झरीसारख्या गावात बायकांच्या कारकुनीचा इतिहास शोधायचा, तर मुंबईतल्या टायपिस्टांपाशी थांबून चालत नाही. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. सरकारी दप्तर उर्दूत चाले आणि ते लिहिणारे पुरुषच असत. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तरी गावच्या कागदपत्रांवरची पुरुषांची पकड लगेच सुटली नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ती पुढे खेडोपाडी पसरली, तेव्हा गावातलीच शिकलेली बाई अंगणवाडी सेविका होऊन सरकारी नोंदी लिहू लागली. बचत गटांमुळे हप्ते, कर्ज आणि व्याजाचा हिशेबही बायकांच्या हाती आला. अंगणवाडीतली कुटुंबांची पाहणी, बालकांची वजनं, गरोदर मातांची नोंद, आहाराचा साठा आणि वाटप, लसीकरण, गृहभेटी, महिन्याचा अहवाल या सगळ्याला चोख कारकुनीच लागते. कुपोषणाचे जे आकडे मंत्रालयात वाचले जातात, त्यांची पहिली ओळ सेविका लिहिते. म्हणून या कामाला कारकुनीचा दर्जा, मान आणि मोबदला मिळायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

यावर आक्षेप असा, की सेविका मानसेवी आहे, तिचं काम थोड्या तासांचं, त्यामुळे मानधन पुरेसं आहे. पण 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला आणि अर्धवेळ कामाचा युक्तिवाद मान्य केला नाही. अंगणवाडी बंद झाल्यावरही घरभेटी आणि नोंदी उरतातच. दुसरा आक्षेप अधिक नवा आहे: आता मोबाइलवर माहिती भरायची, मग लिहिणं उरलं कुठे? अनुभव उलट सांगतो. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकृष्ट फोन सरकारला परत केले आणि नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप मराठीत हवं अशी मागणी केली. यंत्र बदललं, पण माहिती गोळा करणं, पडताळणं आणि तिची जबाबदारी घेणं सेविकेकडेच राहिलं. तेव्हा सरकारला अचूक आकडे हवे असतील, तर ते लिहिणारीला नियमित वेतन, प्रशिक्षण, चालणारं साधन आणि निवृत्तिवेतन देणं हा त्या कामाचाच खर्च आहे, उपकार नव्हे.