एका सेकंदाचा उशीर
मांजरसुंब्याच्या घाटात ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. ब्रेकवर पाय पडायला एकच सेकंद उशीर झाला, तर समोरचा बैल वाचेल का? इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलेल्या मधुमेही चालकाचे असे होऊ शकते. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. १०० मिलिलिटर रक्तात ते ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की घाम फुटतो, हात कापतात, पुढे विचारही मंदावतो. तेव्हा गाडी बाजूला उभी करून साखर खावी. (नुसती भाकरी नव्हे, तिच्यातील पिष्टाचे ग्लुकोज व्हायला वेळ लागतो.) साखर पूर्ववत झाल्यावरही मेंदू सावरेपर्यंत पाऊण तास थांबावे. केवळ मधुमेह आहे म्हणून कायदा परवाना नाकारत नाही. १९८९ च्या मोटार नियमांतील नमुना १ मध्ये मात्र अचानक शुद्ध हरपते का, असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अर्जदारानेच सही करून द्यायचे असते.