मोठ्या टायरांना ॲक्सलच्या गिअरची जोड का लागते?

दगडधोंडे, चिखल आणि ओढ्यांतून वाट काढणाऱ्या वाहनांना मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची हौस अमेरिकेपासून भारतापर्यंत सर्वत्र दिसून येते. टायर बदलण्याचे काम एका दुपारी होते. मात्र त्यामुळे इंजिन आणि रस्ता यांच्यातील गणित बदलते, आणि ते पूर्ववत करावयाचे तर ॲक्सलच्या पोटातील गिअर बदलावे लागतात. हा दुसरा खर्च अनेक वाहनमालकांच्या लक्षात येतो तो टायरचे पैसे देऊन झाल्यावर. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की गिअर बदलले म्हणजे मोठ्या टायरमुळे निर्माण झालेले सर्व प्रश्न सुटले असा समज होतो. प्रत्यक्षात ब्रेकचा प्रश्न त्यानंतरही तसाच शिल्लक राहतो.

मोठ्या टायरचे आकर्षण निराधार नाही. डिफरन्शियलचे लोखंडी कवच, ज्याला आपल्याकडील मेस्त्री ‘हाउसिंग’ म्हणतात, ते चाकाच्या मध्यरेषेवर असते आणि बहुतेक वाहनांत तोच जमिनीला सर्वांत जवळचा भाग असतो. सस्पेन्शन उंच केल्याने वाहनाची बॉडी वर जाते, परंतु हाउसिंग आहे तिथेच राहते. ते वर उचलण्याचा सोपा उपाय एकच, तो म्हणजे मोठा टायर. व्यास 32 इंचांवरून 35 इंच केला तर हाउसिंग दीड इंच, म्हणजे सुमारे 38 मिलिमीटर वर जाते. खडकाळ वाटेवर तेवढ्याने अडकणे आणि निघून जाणे यांत फरक पडतो. शिवाय मोठे चाक खड्ड्याच्या कडेवर आणि दगडावर अधिक सहजतेने चढते.

या लाभाची किंमत इंजिनाला मोजावी लागते. इंजिनाचा फिरविण्याचा जोर गिअरपेटी आणि ट्रान्स्फर केसमधून शाफ्टद्वारे ॲक्सलपर्यंत येतो. तेथे पिनियन नावाचा लहान गिअर क्राउन नावाच्या मोठ्या गिअरला फिरवितो. क्राउनला 41 दात आणि पिनियनला 10 दात असतील तर शाफ्टच्या 4.10 फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. हेच ॲक्सलचे गुणोत्तर. आकडा जितका मोठा, तितका चाकाला मिळणारा जोर अधिक आणि तितके इंजिन अधिक वेगाने फिरणार. आता चाकाचा व्यास वाढला, की एका फेरीत वाहन अधिक अंतर कापते. साहजिकच त्याच फेरीसाठी इंजिनाला अधिक ताकद लावावी लागते. सायकलस्वार चढावर असताना त्याच्या नकळत कोणी मागची दातेरी चकती लहान करावी, तसाच हा प्रकार असतो.

अमेरिकेतील जीप रँग्लरच्या रुबिकॉन या आवृत्तीवरून हे गणित चांगले समजते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन ट्रेल या खडकाळ वाटेवरून तिचे नाव पडले असून ती प्रथम 2003 च्या मॉडेलमध्ये आली. 2007 मध्ये आलेल्या पिढीतील रुबिकॉनला साधारण 32 इंच व्यासाचे टायर आणि 4.10 चे ॲक्सल होते. तिला 35 इंचांचे टायर बसविले तर चाक आणि जमीन यांच्यामध्ये मिळणारी ओढ सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटते. ताशी 100 किलोमीटर वेगाने, थेट म्हणजे एकास एक गिअरमध्ये, इंजिनाच्या मिनिटाला सुमारे 2,680 फेऱ्या होत असत. त्या 2,450 पर्यंत खाली येतात.

इंजिन सावकाश फिरले तर इंधन वाचेल, असे वरवर पाहता वाटते. सपाट रस्त्यावर, वाहन रिकामे असताना काही अंशी तसे होईलही. पण इंजिनाचा जोर विशिष्ट फेऱ्यांच्या पट्ट्यात चांगला मिळतो. त्या पट्ट्याखाली गेल्यावर चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो, घाटात वारंवार खालचा गिअर टाकतो आणि शेवटचा गिअर जवळजवळ निरुपयोगी होतो. हाती गिअर टाकण्याच्या वाहनात क्लचची झीज वाढते. ऑटोमॅटिक गिअरपेटी दोन गिअरांमध्ये सारखी हेलकावत राहते, टॉर्क कन्व्हर्टर तापतो आणि त्यातील तेल लवकर खराब होते. 2007 ते 2011 या काळातील रँग्लरमध्ये ऑटोमॅटिक गिअरपेटीला चारच गिअर असल्याने तिला हा ताण विशेष जाणवत असे. आठ गिअरांच्या नव्या पेट्या थोडा अधिक फरक पचवितात, एवढेच.

आकडेमोड आणि अनुभव

मूळ स्थिती परत मिळविण्याचे सूत्र सोपे आहे. जुन्या गुणोत्तराला नव्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. वरील उदाहरणात 4.10 गुणिले 35 भागिले 32, म्हणजे सुमारे 4.48. या आकड्याचा गिअर बाजारात मिळत नाही. दात पूर्ण संख्येतच असतात, त्यामुळे ठरावीक टप्पेच उपलब्ध असतात. 41 दातांचा क्राउन आणि 9 दातांचा पिनियन घेतला तर 4.56 मिळते, आणि तीच येथे योग्य निवड ठरते. इंजिनाच्या फेऱ्या पुन्हा 2,720 च्या आसपास येतात.

खडकांवरून अगदी सावकाश चढण्यासाठी तर हा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. त्या रुबिकॉनच्या सहा गिअरांच्या पेटीत पहिला गिअर 4.46 चा, ट्रान्स्फर केसचा संथ गिअर 4 चा आणि ॲक्सल 4.10 चे होते. तिन्हींचा गुणाकार 73 होतो. म्हणजे इंजिनाच्या 73 फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी. चाक 35 इंचांचे झाले, की परिणामाच्या दृष्टीने हा आकडा 67 वर येतो. वाहन दगडावरून उतरताना चालकाला हवे असते त्याहून वेगाने पुढे सरकते आणि ब्रेकवर पाय ठेवावा लागतो. 4.56 चे गिअर घातल्यावर तो पुन्हा 74 च्या जवळ पोहोचतो.

सूत्र वापरताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. टायरवर लिहिलेला 35 हा आकडा ठोकळ असतो. 315/70 आर 17 या मापाचा टायर 35 इंची म्हणून ओळखला जातो, पण हिशेब केल्यास त्याचा व्यास 873 मिलिमीटर, म्हणजे साडेचौतीस इंचांहूनही किंचित कमी भरतो. वाहनाच्या भाराने तो आणखी दबतो. म्हणून जुना आणि नवा, दोन्ही व्यास एकाच पद्धतीने मोजलेले असावेत. एक छापील आणि एक मोजलेला असा मेळ घालू नये.

तरीही सूत्राने मिळालेले उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही. मोठा टायर अधिक जड असतो, रुंद असल्याने हवेचा आणि रस्त्याचा विरोध वाढवितो आणि त्याच्यासोबत सहसा लोखंडी बंपर, विंच, छतावरील सामान हेही येते. याचा पुरावा खुद्द उत्पादकानेच दिला आहे. जीपने 2021 मध्ये रुबिकॉनसाठी एक्स्ट्रीम रेकॉन नावाचा संच आणला. त्यात 33 इंचांऐवजी 35 इंचांचे टायर देण्यात आले. सूत्राप्रमाणे गुणोत्तर 4.35 पुरेसे होते, कंपनीने 4.56 दिले. त्याबरोबरच सस्पेन्शन दीड इंच उंच केले आणि मागील दरवाजावर टांगलेल्या जड सुट्या चाकासाठी बिजागऱ्या मजबूत केल्या. ज्यांनी ते वाहन घडविले त्यांनाही नुसता टायर बदलून भागविता आले नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मग 4.56 ऐवजी थेट 5.13 का घेऊ नये? काही जण घेतातही, विशेषतः 37 इंची टायरसाठी. परंतु 5.13 साठी पिनियनला 41 च्या तुलनेत आठच दात उरतात. तितक्याच क्राउनमध्ये पिनियन लहान होत जातो, एका वेळी गुंतणारे दात कमी होतात आणि मजबुती घटते. खडकात चाक अडकले असताना ॲक्सिलरेटर दाबला तर तुटणारा पहिला भाग तोच असू शकतो. महामार्गावर इंजिन सतत ओरडत राहते ते वेगळेच.

दोन्ही ॲक्सल, एकच गुणोत्तर

चारही चाकांवर चालणाऱ्या वाहनात पुढचे आणि मागचे असे दोन्ही गिअरसंच बदलणे अपरिहार्य आहे. पैसे वाचविण्यासाठी फक्त मागचा बदलण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो; तो धोकादायक आहे. रँग्लरसारख्या वाहनाची ट्रान्स्फर केस फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा व मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरविते. एक ॲक्सल 4.10 चे आणि दुसरे 4.56 चे असेल तर चाकांच्या वेगात 11 टक्क्यांची तफावत येते. ती भरून काढण्यासाठी टायरांना सतत घसरावे लागते. कोरड्या, घट्ट जमिनीवर घसरता आले नाही तर शाफ्टमध्ये पीळ साचतो आणि शेवटी काहीतरी मोडते. 4.10 आणि 4.11 इतका शंभराव्या भागाचा फरक मात्र चालतो.

काम नाजूक आहे आणि ते सर्वच गॅरेजमध्ये नीट होते असे नाही. पिनियन किती खोल बसावा हे पातळ चकत्या घालून ठरवावे लागते. क्राउन आणि पिनियन यांच्या दातांमधील मोकळीक मिलिमीटरच्या दशांशांत, बहुधा 0.15 ते 0.25 च्या दरम्यान ठेवली जाते. दातांना रंगीत लेप लावून गिअर फिरविला जातो आणि उमटलेला ठसा दाताच्या मध्यभागी आहे ना, हे पाहिले जाते. ठसा कडेला गेला तर गिअर आवाज करतो आणि लवकर झिजतो. नव्या संचावर पहिले काही शे किलोमीटर भार ओढू नये, सुरुवातीला थोडे चालवून वाहन थंड होऊ द्यावे आणि नंतर तेल बदलावे, असा दंडक आहे. या टप्प्यावर घाई केली तर महागडे गिअर निळे पडेपर्यंत तापू शकतात.

गिअर काय दुरुस्त करीत नाहीत

येथपर्यंतचा सर्व खटाटोप इंजिनाच्या बाजूचा आहे. थांबण्याच्या बाजूला गिअरचा काही उपयोग होत नाही. ब्रेकची डिस्क आणि पॅड तेच राहतात. मात्र चाकाची त्रिज्या वाढल्याने त्याच दाबाला जमिनीवर मिळणारा रोधक जोर 32 वरून 35 इंचांच्या बदलात सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी होतो. जड चाकाची फिरती गतीही त्याच ब्रेकला अडवावी लागते. वाहन पुन्हा जोमाने धावू लागलेले असते, त्यामुळे चालकाला ही उणीव जाणवते ती एकदम, उतारावर. मोठ्या आणि चांगल्या ब्रेकचा विचार म्हणूनच गिअरच्या यादीतच व्हावयास हवा. तो सहसा होत नाही, कारण ब्रेकचा फोटो चांगला येत नाही.

वेगदर्शकही फसवितो. चाकाच्या फेऱ्या मोजून वेग दाखविणाऱ्या वाहनात काटा 100 वर असताना प्रत्यक्ष वेग 109 च्या पुढे असतो आणि एकूण अंतराची नोंद कमी होते. संगणकातील टायरचे माप दुरुस्त करून हे सुधारता येते. नव्या वाहनांत गिअरचे गुणोत्तरही तेथे नोंदवावे लागते, अन्यथा घसरणरोधक यंत्रणा आणि ऑटोमॅटिक गिअर चुकीचे निर्णय घेतात. ॲक्सलचे शाफ्ट, स्टीअरिंगचे सांधे आणि बेअरिंग यांच्यावरील वाढीव भार मात्र संगणकाच्या आवाक्यातला नाही.

भारतातील वाहनमालकांसाठी कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रँग्लरची जुळणी 2021 पासून पुण्याजवळील रांजणगाव येथे सुरू झाली आणि महिंद्र थारची नवी पिढी 2020 मध्ये आली. तेव्हापासून या विषयाची चौकशी आपल्याकडेही वाढली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवू शकते. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतील टायर घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. त्यापलीकडे जायचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडून आधी लेखी उत्तर घेणे श्रेयस्कर. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत दिसणाऱ्या अजस्र चाकांच्या गाड्या पाहून अनेकांना मोह होतो. परंतु त्या स्पर्धेसाठी उभारलेल्या गाड्या असतात, आणि अशा अनेक गाड्या मैदानापर्यंत ट्रेलरवर लादून आणल्या जातात.