सही घ्यावी की सेल्फी?

आष्टी (ता. परतूर) : महाराष्ट्रात आष्ट्या तरी किती! एक आपली, जालना जिल्ह्यातली. दुसरी वर्धा जिल्ह्यातली, बेचाळीसच्या लढ्यात रक्त सांडलेली. तिसरी बीड जिल्ह्यातली, तालुक्याचं ठिकाण असलेली. या तिसऱ्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सोनं जिंकलं. तेव्हा आपल्या आष्टीतल्या पोरांनीही "आष्टीचा गडी" म्हणून मोबाइलवर स्टेटस ठेवलं. कुणी चूक दाखवली तर उत्तर तयार होतं, "मराठवाडा एकच हाय की!" शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, शाळेला पळत जाणारा, पुढं फौजेत भरती झालेला हा जवान कुठल्याही आष्टीला आपलाच वाटणार. त्यात गैर काही नाही.

उद्या असा एखादा गडी खरोखरच आपल्या वेशीत येऊन उभा राहिला, तर आपण त्याच्याकडून काय घेणार, असा प्रश्न एका शेतीशाळेत निघाला. विषय होता सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याचा, पण पोरं खेळावर घसरली की भुंगा मागं पडतो. एक जण म्हणाला, "सर, सही घेऊन काय करू? सही कुणाचीबी दाखविता येती. फोटो असला म्हणजे कुणी खोटं म्हणणार नाही." त्याच्या चुलत्यानं लगेच विचारलं, "अन् फोन हिरीत पडला तर?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण गावात कुणी मोठा माणूस आला की त्याच्याजवळ कोण पोचतं आणि कोण मागं राहतं, हे या सही-सेल्फीच्या भानगडीत ठरतं.

कुस्तीच्या फडात सही नव्हतीच

आपल्याकडं खेळातला हिरो म्हणजे आधी पैलवान, मग बाकीचे. यात्रा आली की फड आलाच. आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवतात. (इतका खर्च जमिनीवर केला तर सेंद्रिय कर्बाची तक्रार राहणार नाही, पण तो विषय पुन्हा कधी.) अशा मातीत लोळून, घामानं निथळत बाहेर आलेल्या गड्याच्या हातात पेन देणार कसं? आणि दिलं तरी कागदावर सहीऐवजी मातीचा पंजाच उमटणार. म्हणून कुस्तीच्या शौकिनांनी पैलवानाकडं सही मागायची पद्धत कधी पडलीच नाही. उलट बघणारा माणूसच त्याला काहीतरी द्यायचा. कुणी पाच-दहाची नोट हातावर ठेवी, कुणी फेटा बांधी, कुणी नारळ देई, तर कुणी "उद्या घरी दूध प्यायला या" म्हणून सांगून जाई. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणत्या यात्रेत कोणाला किती इनाम दिलं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यासाठी सही लागत नाही आणि फोटोही लागत नाही.

यातला सर्वांत मोठा दाखला खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाला, तेव्हा जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही जमेल तशी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांची मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांची निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. आता हिशेब करून बघा. शंभर बैलगाड्या म्हणजे दोनशे बैल, आणि कामाच्या दिवसात एक बैलजोडी दिवसभर मोकळी ठेवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्या लोकांपैकी किती जणांकडं खाशाबांची सही असेल? फारच थोड्यांकडं.

सही ही मुळात शाळा-कॉलेजची हौस. मुंबई-पुण्याची पोरं सह्यांची छोटी वही घेऊन जिमखान्याच्या दारात थांबत. तिकीट लावलेलं उलट पत्त्याचं पाकीट घालून खेळाडूला पत्र लिहीत आणि महिना-दोन महिने पोस्टमनची वाट बघत. आपल्या भागात ही हौस उशिरा आली, ती क्रिकेटबरोबर. जालन्याचा विजय झोल २०१४ साली एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा कप्तान होता. त्याआधी कूचबिहार करंडकात त्यानं एका डावात नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या. तेव्हा कुठं आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना आपल्या मातीतल्या खेळाडूची सही घ्यावी असं सुचलं. तोवर मोबाइलला पुढचा कॅमेरा आला होता. म्हणजे सहीची हौस रुजते न रुजते तोच सेल्फीचं पीक वर आलं.

कोऱ्या कागदाची भीती

सहीबद्दल गावाकडच्या माणसाच्या मनात एक अढी असते. शहरातल्या माणसाला ती कळायची नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये, अंगठा तर मुळीच देऊ नये, हे आपण सावकाराकडून पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. सहीनं जमीन जाते, सहीनं कर्ज मिळतं, एका सहीपायी तलाठ्याकडं चार हेलपाटे होतात. म्हणून एखादा पोरगा वहीचं कोरं पान पुढं करून पाहुण्याला "इथं सही करा" म्हणाला की बाप दचकतो. त्याचं चुकत नाही. मोठ्या खेळाडूंपैकी बरेच जण याच कारणानं चाहत्यांना द्यायची सही वेगळी आणि बँकेतली वेगळी ठेवतात. तेव्हा मुलांना एवढं शिकवावं की कोरं पान पुढं करायचं नाही. वर स्वतःचं नाव, गाव, शाळा आणि तारीख लिहून ठेवायची आणि खाली पाहुण्याला सही करू द्यायची. त्यानं मोकळी जागा उरत नाही आणि पुढं वीस वर्षांनी वही उघडली तर कुठल्या दिवसाची आठवण आहे तेही कळतं.

नोटेवर सही घेण्याचं फॅड अलीकडं फार दिसतं. ते बंद करावं. नोटांवर काही लिहू नका, असं रिझर्व्ह बँक वारंवार सांगत आली आहे. आणि खरं म्हणजे नोट अडचणीच्या दिवशी खर्चून जाते, सहीसकट.

आता फोटोचंही ऐका. आम्हा कृषी खात्याच्या लोकांना फोटोची टिंगल करायचा अधिकार नाही. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो मोबाइलवरून चढवायचा, असं ठरलं. ठिबक असो की शेततळं, फोटो लागतोच आणि तोही जागेच्या खुणेसकट. पूर्वी पंचनाम्यावर चौघांच्या सह्या झाल्या की काम भागे. आता सह्या करूनही "फोटो कुठाय?" असं विचारतात. सातबाऱ्यावरची सहीसुद्धा डिजिटल झाली, तलाठी भाऊसाहेबांच्या हाताची राहिली नाही. सरकारच सहीपेक्षा फोटोवर विश्वास ठेवायला लागलं, तर शेतीशाळेतल्या त्या पोराला नावं ठेवून काय उपयोग?

फरक एकच आहे आणि तो मला मोठा वाटतो. सही घेताना पाहुणा विचारतो, "नाव काय तुझं? कितवीला आहेस?" दहा सेकंदांचं का होईना, बोलणं होतं. तो मान खाली घालून त्या मुलासाठी काहीतरी लिहितो. सेल्फीत दोघंही एकमेकांकडं बघत नाहीत, दोघं फोनकडं बघतात. फोटो निघाला की "पुढचा या". मुलाला विचारलं, काय बोलले रे साहेब? तर म्हणतो, "बोलले नाही, पण फोटो भारी आलाय."

गराडा कुणाचा?

१३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मेस्सी आला होता. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली होती. मैदानात पुढारी, अधिकारी आणि त्यांच्या गोतावळ्यानं त्याला असा वेढा घातला की गॅलरीतल्या माणसाला तो धड दिसेना. थोड्या वेळात तो निघून गेला. मग खुर्च्या आणि बाटल्या मैदानात पडल्या, मोडतोड झाली, मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी ४ जूनला बंगळुरूत चिन्नास्वामी मैदानाच्या दाराशी विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा माणसं चेंगरून मेली होती. ती गर्दी सेल्फीची नव्हती, दारावरच्या ढिसाळपणाची होती. पण हिरोला जवळून बघायची ओढ तीच.

कोलकाता लांब आहे असं समजू नका. गावातल्या सत्कारात काय होतं? स्टेजवर पंधरा खुर्च्या, त्यावर बसायला पंचवीस जण. हार घालणारा एक आणि हाराला हात लावणारे आठ. ज्या पोरापोरींसाठी पाहुणा बोलावला ती उन्हात सतरंजीवर. भाषणं संपली की स्टेजवरचेच लोक मोबाइल काढून पाहुण्याच्या खांद्याला खांदा लावतात. तोवर गाडी सुरू झालेली असते आणि शाळेची पोरं गाडीच्या काचेवर हात मारत पळतात. मी असे सत्कार चार-पाच तरी पाहिलेत. यात सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे चेअरमन आणि आमच्यासारखे नोकरदार, सगळेच पुढं असतात. कुणा एकाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण बदलायचं ठरवलं तर तेही याच लोकांच्या हातात आहे.

मुलींचा यात विशेष विचार व्हावा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून गावच्या मैदानावर मुली वाढल्यात. पण सेल्फीच्या रेटारेटीत मुलगी पुढं घुसत नाही आणि घरचेही घुसू देत नाहीत. शिवाय तिच्याकडं स्वतःचा मोबाइल नसतो. वही मात्र असते.

द्रविडची बॅट

याच विश्वविजेत्या संघातली सांगलीची स्मृती मानधना. तिच्या भावानं राहुल द्रविडकडून एक बॅट तिच्यासाठी मिळवली होती, द्रविडची सही असलेली. आपल्या घरी अशी बॅट आली असती तर काचेच्या कपाटात गेली असती, आल्यागेल्याला दाखवायला. स्मृतीनं ती हातात तोलून पाहिली, बरी वाटली आणि खेळायला घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्याला एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिनं नाबाद २२४ धावा केल्या, त्या याच बॅटनं. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. सहीचा असा उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही. सेल्फीनं कुणाला रन काढता येत नाहीत.

तरी पोरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सहीचा कागद वाळवी खाते, उंदीर खातो, पत्र्यातून गळलं की भिजतो. पाण्यावर विरघळणाऱ्या शाईची सही एका पावसात पुसते. सही बॉलपेननं घ्यावी, वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावी, पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवू नये, आत कडुनिंबाचा वाळला पाला टाकावा. धान्य जपता तसंच हे जपायचं. ऊन लागेल अशा भिंतीवर फ्रेम करून टांगली तर चार-पाच वर्षांत सही फिकी पडते. फोटोचंही तेच. फवारणीला जाताना खिशात ठेवलेला मोबाइल किती जणांचा गेला, हे दुकानदाराला विचारा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आधीच बारीक झालेला असतो, मोठा करायला गेलं तर फुटतो. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये असेल त्याच्याकडून परतूर किंवा जालन्याला स्टुडिओत एक प्रत छापून घ्यावी. वीस-तीस रुपयांचं काम आहे.

आता यात्रा कमिटी आणि शाळा व्यवस्थापन समितीसाठी थोडं. समजा दोनशे मुलं आहेत. एका सहीला पंधरा सेकंद धरले तर पन्नास मिनिटं लागतात. दोन भाषणं कमी केली की तेवढा वेळ निघतो. पाहुणा टेबलामागं सावलीत बसवावा, मुलं एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर पडावीत, मुलींची रांग आधी सोडावी. मोठ्या माणसांचा एकच सामुदायिक फोटो, तोही सह्या झाल्यावर. पैलवान असेल तर त्याला आधी अंघोळ करू द्या, चहा द्या, मग टेबलावर बसवा. महात्मा गांधी एका सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात जमा करीत. तशी एक पेटी टेबलावर ठेवली आणि मोठ्यांनी सहीमागं दहा-वीस रुपये टाकले तर तालमीच्या गादीला हातभार लागेल. शाळकरी मुलांकडून मात्र पैसा घेऊ नये. पेटीचा हिशेब त्याच दिवशी फळ्यावर लिहावा, नाहीतर पुढच्या ग्रामसभेला दुसरा विषय राहणार नाही.

टेबलावर पेनं दोन ठेवा. एक हमखास कुणाच्या तरी खिशात जातं.