नदीवरचा फेस

"काका, यातला खरा फोटो कोणता?"

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी आणि पुण्यात फोटोग्राफी शिकणारी मुलगी एका रविवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन फोटो ठेवून उभी राहिली. दोन्ही पवनेचे. चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापाशी जो घाट आहे, तिथून घेतलेले. पहिल्यात पाणी आरशासारखे स्वच्छ, वर पांढरे ढग, पलीकडच्या काठावर नुसती झाडी. दुसऱ्यात तोच घाट, पण पाण्यावर साबणासारखा दाट फेस, कडेला जलपर्णी, आणि मागे उंच इमारती व मोबाईलचा मनोरा.

तेहतीस वर्षे बँकेत सह्या तपासण्यात गेलेला मी. चष्मा पुसून दुसऱ्या फोटोवर बोट ठेवले. पवना मी रोज पाहतो, मला कोण फसवणार?

ती हसली. "दोन्ही खोटे, काका."

पहिल्यातल्या इमारती तिने पुसल्या होत्या, हे माझ्याही लक्षात आले होते. पण दुसऱ्यातला फेस त्या घाटावरचा नव्हताच. तो थेरगावच्या बंधाऱ्याखाली, वेगळ्या दिवशी टिपलेला. संगणकावर तिने तो कापून घाटापुढच्या पाण्यावर अलगद पसरला होता. उजेडाची दिशा जुळवली होती, फेसाखाली सावलीसुद्धा टाकली होती. मी फसलो, कारण घाण दिसली की ती खरीच असणार असे मी गृहीत धरले होते. सुंदर चित्राकडे आपण संशयाने पाहतो, कुरूप चित्राकडे पाहत नाही.

या मुलीचे हे उद्योग वर्षभर चालले होते. त्यांची सुरुवात निगडीच्या दुर्गा टेकडीवरून झाली. तिथून खाली पाहिले की कारखान्यांची छपरे, पाण्याच्या टाक्या, रस्ते आणि इमारतींचे ठोकळे नजर पोहोचेल तिथवर दिसतात. तिने तिथून एक मोठा रुंद फोटो काढला आणि दोन महिने खपून त्यातली एकेक शेड पुसून काढली. त्यांच्या जागी मावळातून आणलेली भाताची खाचरे, बांध, बाभळी बसवल्या. मला तो प्रयोग तेव्हा पोरकट वाटला होता. कारखाने पुसायचे म्हणजे काय? याच कारखान्यांच्या पगारावर हे गाव उभे राहिले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली १९५४ साली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि १९८२ साली इथली नगरपालिका महानगरपालिका झाली. तिचे स्वतःचे आजोबा अशाच एका कारखान्यात फिटर होते. नात मात्र संगणकावर बसून त्यांचा कारखाना खोडते आहे!

पण तो फोटो तिने आजीला दाखवला, आणि प्रकरणाने वेगळेच वळण घेतले.

आजी आता ऐंशीच्या घरात. त्या लग्न होऊन आकुर्डीकडे आल्या तेव्हा सासरची जमीन होती. पुढे ती संपादनात गेली. फोटो त्यांनी मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "आगं, भात कशाला लावलास? हितं ज्वारी व्हायची. आन् हीर न्हाई दाखवलीस. हीर अशी वड्याच्या अंगाला होती, तिच्यावर चिंच होती." मग बोटाने त्या जागा दाखवू लागल्या. नातीने पेन्सिल घेऊन खुणा केल्या. आठ दिवसांनी ती सुधारलेली प्रत घेऊन गेली, तर आजींनी पुन्हा दुरुस्ती काढली: "चिंच येवढी मोठी नव्हती." असे चार-पाच वेळा झाले. महामंडळाच्या नकाशात त्या जागेला नुसता प्लॉट नंबर आहे. विहीर कुठे होती हे आता त्या एका बाईला ठाऊक आहे आणि त्या हातचलाखीच्या फोटोला.

आजींच्या भिंतीवर आणखी एक फोटो आहे. त्यात आजी आणि आजोबा शेजारी शेजारी बसलेले दिसतात. तसे ते कॅमेऱ्यासमोर कधी बसलेच नव्हते. आजोबा गेल्यावर त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचा चेहरा घेऊन स्टुडिओवाल्याने तो आजींच्या फोटोशेजारी जोडला, अंगात कोट चढवला आणि मागे निळा पडदा रंगवला. असे फोटो आपल्याकडे किती घरांत असतील! स्थळासाठी पाठवायच्या फोटोतला देवीचा व्रण निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून घालवणारे रिटचर तर गावोगाव होते. त्यांना कुणी लबाड म्हटले नाही.

निसर्गचित्रांचीही गोष्ट तीच. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी फोटोच्या काचा निळ्या उजेडाला फार लवकर बधत. समुद्र नीट यावा म्हणून वेळ दिला की आकाश जळून पांढरे होई, आणि आकाश सांभाळले तर समुद्र काळा पडे. म्हणून १८५० च्या दशकात ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी काच घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापल्या. लोकांनी त्या लाटांपुढे हात जोडले. एकच ढग दोन वेगवेगळ्या समुद्रांवर वापरायलाही त्याने कमी केले नाही. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरने १८५७ साली तीसएक निगेटिव्ह जोडून एकच भलेमोठे चित्र बनवले. अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स हा डोंगर-दऱ्यांचा थोर छायाचित्रकार. त्याचे १९४१ सालचे चंद्रोदयाचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यातले काळेभोर आकाश बरेचसे डार्करूममध्ये काळे झालेले आहे. वर्षे गेली तसतसे तो ते अधिकच काळे छापत गेला. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिओग्राफिक'ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून इजिप्तचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले आणि मोठी ओरड झाली. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले. २०२३ साली तर एका जर्मन छायाचित्रकाराने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र सोनीच्या जागतिक स्पर्धेत पाठवले, बक्षीस मिळवले आणि मग ते नाकारले. त्याला एवढेच दाखवायचे होते की परीक्षकांना ओळखता येत नाही.

यातला एक माणूस मला आमच्या गावाच्या फार जवळचा वाटतो. अँड्रिआस गुर्स्की. बर्न्ड आणि हिला बेखर हे नवरा-बायको त्याचे गुरू. त्यांनी जन्मभर जर्मनीतल्या पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि कोळशाच्या खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. ढगाळ, बिनसावलीच्या उजेडात, समोरून, जसे आहे तसे, जणू पासपोर्टचे फोटो. शिष्याने १९९९ साली ऱ्हाइन नदीचा फोटो केला: हिरव्या पट्ट्यांमध्ये नदीचा करडा पट्टा आणि वर करडे आकाश. बस्स. पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत, कुत्र्याला फिरवणारी माणसे, सगळे त्याने संगणकावर पुसून टाकले होते. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्या फोटोला त्रेचाळीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली. गुरूंनी कारखाने जपले, शिष्याने पुसले. आमच्या चिंचवडच्या मुलीने हे पुस्तक मला आणून दाखवले तेव्हा मी विचारले, "मग तू कोणाच्या बाजूची?" ती म्हणाली, "काका, मला अजून माहीत नाही." विद्यार्थ्याने द्यावे असे उत्तर.

हे सगळे गमतीचे होते तोवर ठीक होते. पण त्या फेसाच्या फोटोला गिऱ्हाईक आले. आमच्या सोसायटीतली आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतली मंडळी नदीच्या दुर्गंधीला कंटाळून एका सरकारी कार्यालयाकडे अर्ज करणार होती. अर्ज लिहायचे काम माझ्याकडे, कारण मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे मला अर्ज लिहिता येत असणार! अर्जाला फोटो हवा. कोणीतरी त्या मुलीचा फोटो पाहिला आणि सगळ्यांनी एकच धरले: हाच लावा. ती म्हणाली, हा जोडलेला आहे. मंडळी म्हणाली, मग काय झाले? फेस येतो हे तर खरे ना? थेरगावला येतो, इथेही येतो, कधी कमी, कधी जास्त. चित्र खोटे असेल, गोष्ट तर खरी आहे.

मला उत्तर सुचेना. कारण कादंबरीकार म्हणून मी जन्मभर नेमके हेच म्हणत आलो. मदतीला आला तो माझ्यातला बँकवाला.

नव्वदच्या दशकात मी याच पट्ट्यातल्या एका शाखेत लघुउद्योगांची कर्जे पाहत असे. यंत्रासाठी कर्ज दिले की यंत्र खरोखर आले का हे पाहून फाइलला फोटो लावायचा. एकदा दोन वेगवेगळ्या कर्जदारांच्या फाइली शेजारी उघड्या पडल्या होत्या. दोन्हींत एकेक लेथचा फोटो. दोन्ही लेथच्या मागे भिंतीवर तेच कॅलेंडर, तोच महिना, तोच फाटलेला कोपरा. एका फाइलवर "प्रत्यक्ष पाहिले" असे लिहून सही होती. ती सही माझी होती. मार्चअखेरच्या घाईत मी शेडवर न जाता फोटो पाहूनच सही केली होती. गंमत अशी की त्या फोटोत कोणी काडीचाही फेरफार केला नव्हता. लेथ खरा, भिंत खरी, कॅलेंडर खरे. खोटी होती ती फोटोखालची ओळ, आणि तिच्याखालची माझी सही.

धनादेशावर खाडाखोड झाली की तो संशयास्पद होतो हे सर्वांना ठाऊक आहे. १८८१ च्या कायद्याचे ८७ वे कलमच आहे: संमतीवाचून केलेला महत्त्वाचा बदल त्या कागदाला निकामी करतो. पूर्वी खातेदाराने बदलापाशी पूर्ण सही केली की चालत असे. आता धनादेशाचा कागद प्रवासच करत नाही, त्याचे छायाचित्र एका बँकेतून दुसरीकडे जाते, आणि म्हणून तारखेचे नूतनीकरण सोडले तर खाडाखोड अजिबात चालत नाही, सही असो वा नसो. छायाचित्रावर विश्वास ठेवायचा म्हटल्यावर बँकांना नियम कडक करावे लागले.

मंडळींना मी म्हटले, "रक्कम खरी येणे असेल, तरी मी खोटा धनादेश वटवू शकत नाही. साहेबाने एक फोटो जोडलेला आहे हे पकडले, की आपल्या बाकीच्या नऊ खऱ्या कागदांचीही रद्दी झाली." एकदोघे रागावले. "तुम्ही नदीच्या बाजूचे की त्या लोकांच्या?" असेही ऐकावे लागले.

मग त्या मुलीला मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेला हा माणूस. आमच्याच लोकलच्या मार्गावर लोणावळ्याला त्यांनी छापखाना काढला होता, तिथल्या मळवलीच्या रविवर्मा छापखान्यासाठीही काम केले होते. पुढे सिनेमा काढायचा ठरवला तेव्हा पैसा देणार कोण? विम्याच्या पॉलिसी आधीच गहाण पडलेल्या. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा घट्ट बसवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. पडद्यावर क्षणभरात कोंब फुटला, वाढला, रोप झाले. ते पाहून ओळखीच्या सावकाराने पैसे काढले. वाटाणा पाहून मंजूर झालेले हे बहुधा आपल्याकडचे पहिले कर्ज! त्यातही हातचलाखी आहेच, काळ आवळलेला आहे. पण प्रत्येक चौकट त्या त्या दिवसाची.

तिने ते मनावर घेतले. घाटाच्या एका पायरीवर खडूने, नंतर रंगाने तीन ठिपके काढले, ट्रायपॉडच्या तीन पायांसाठी. रोज सकाळी साडेसहाला तीच जागा, तीच चौकट, तेच भिंग. प्रत घरी आली की मागे तारीख, वेळ आणि तिची सही. साक्षीदार म्हणून माझी, कारण आता मी न पाहता सही करत नाही. मीही तिच्याबरोबर जाऊ लागलो. फोटो काढून झाला की आम्ही गावात चहा पितो.

रोज पाहू लागल्यावर नदी वेगळीच निघाली. फेस रोज नसतो. पाणी कमी असताना, सांडपाण्यातला साबण बंधाऱ्यावरून कोसळून हवेत घुसळला गेला की तो उठतो. वारा असेल तर एका काठाला गोळा होतो. जलपर्णी एका रात्रीत दहा-बारा हात पुढे सरकलेली दिसते. एका सकाळी पाण्याला चक्क तांबूस रंग होता. पावसाळ्यात पाणी वाढले तेव्हा ठिपके बुडाले, म्हणून तीन दिवस फोटो नाहीत. वहीत ते तीन दिवस कोरे ठेवले आहेत.

अर्ज अजून गेलेला नाही. मंडळींचा धीर सुटत चालला आहे, आणि त्यांचेही चूक नाही. त्यांच्या खिडक्या नदीकडे उघडतात, माझी रस्त्याकडे.

गेल्या आठवड्यात आम्ही घाटावर पोचलो तर फेसाचा थेंब नाही. वरच्या अंगाला पाणी सोडले असावे. नदी नितळ होती, वास नव्हता, आणि घाटाच्या टोकावर एक खंड्या बसला होता. तिने ट्रायपॉड लावला, थोडा वेळ नुसतीच पाहत राहिली आणि मग फोटो काढला. दुपारी प्रत घेऊन माझ्याकडे आली.

"काका, हासुद्धा अर्जाला लावायचा?"

मी प्रत उलटी केली, तिची तारीख आणि वेळ ताडून पाहिली, आणि खाली सही केली.